पैसा कमी, पोर्टल जास्त: महापालिकेची शाळा सांभाळणाऱ्याच्या हातात नेमकं असतं काय?

समजा, तुम्ही नागपुरात जरीपटक्याला राहता. तुमचं मूल महापालिकेच्या शाळेत आहे. एक दिवस कळतं की वर्गावरच्या मॅडम ‘अतिरिक्त’ ठरल्या आणि त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन झालं. वर्ग तोच, मुलंही तेवढीच. मग शिक्षक कमी कसा झाला?

अशा वेळी कारण कधी कधी वर्गात नसतं, एका पोर्टलवर असतं. शाळांचा घटता निधी आणि वाढतं तंत्रज्ञान या दोन वेगळ्या बातम्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. कशा, ते पाहू.

शाळांचा कारभार कोण बघतं?

प्राथमिक शाळा चालवणं हे महापालिकेचं कायद्याने बंधनकारक काम आहे. रोजचा कारभार शिक्षणाधिकारी बघतात, त्यांच्यावर आयुक्त असतात. नगरसेवकांची शिक्षण समिती या कारभारावर प्रश्न विचारू शकते. पण नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे शाळेचा प्रश्न सभागृहात मांडायला वॉर्डाचा नगरसेवकच नव्हता.

पैसा येतो कुठून?

पूर्वी महापालिकेची हक्काची मोठी कमाई म्हणजे जकात. नागपुरात २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून या कमाईच्या बदल्यात राज्य सरकारकडून भरपाई मिळते. मालमत्ता कर सोडला तर महापालिकेला बऱ्याच गोष्टींसाठी मुंबईकडे बघावं लागतं.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. त्याचे निकष पटावर ठरतात: ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, ३१ ते १०० मुलांना २५ हजार, १०१ ते २५० मुलांना ५० हजार. ९५ मुलांच्या शाळेला २५ हजार म्हणजे महिन्याला साधारण २,१०० रुपये. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता असा खर्च त्यातच बसवायचा. पट १०१ झाला की रक्कम थेट दुप्पट.

म्हणजे पट हाच पैसा. आणि पट हाच शिक्षकसुद्धा.

शिक्षक किती, हे कसं ठरतं?

याला म्हणतात संचमान्यता. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून ९० पर्यंत तीन. राज्य सरकारने १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. कमी पटाच्या शाळांना याचा फटका बसेल, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप होता. २५ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन राज्यभर आंदोलनही केलं.

पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने असतात. शिवाय अलीकडे संचमान्यतेसाठी आधार ‘वैध’ ठरलेलीच मुलं धरली जातात.

आता कायद्यातल्या आकड्यांवरच हिशोब करा. वर्गात ६१ मुलं बसतात. दोघांच्या आधारवरची जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नाही. पोर्टलवर उरली ५९. तीन शिक्षकांचे झाले दोन.

जरीपटका ही फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेली वस्ती. इथे सिंधी, हिंदी, मराठी नावं शेजारी शेजारी नांदतात. अशा ठिकाणी एकाच आडनावाची दोन स्पेलिंग कागदोपत्री सापडणं नवल नाही.

मग तंत्रज्ञानाने काम सोपं झालं की नाही?

काही बाबतीत नक्कीच झालं. पवित्र पोर्टलमुळे शिक्षकभरती गुणांवर आली. यू-डायसमुळे कोणत्या शाळेत किती खोल्या, किती शिक्षक, हे कळतं. पण यातल्या बऱ्याच नोंदी भरतो शिक्षकच. डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्यांची हजेरीही चॅटबॉटवर टाकायला सांगितली गेली.

आणि पोर्टल आलं म्हणजे गैरव्यवहार थांबला, असंही नाही. नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडी प्रकरण आठवा. पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत बनावट शिक्षक घुसवल्याच्या आरोपावरून एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण उपसंचालकांनाच अटक झाली.

महागडी खरेदी हाही उपाय नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची १ अब्ज डॉलरहून मोठी योजना आणली. मुलांनी काही दिवसांतच त्यावरचे निर्बंध तोडले, खरेदीवर प्रश्न उठले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या शाळांच्या प्रमुखाने राजीनामा दिला.

चांगला अधिकारी काय करू शकतो?

निधी वाढवणं त्याच्या हातात नाही, संचमान्यतेचे निकषही नाहीत. पण वेळापत्रक त्याच्या हातात आहे. आधार दुरुस्तीचं शिबिर जुलैतच शाळेत भरवता येतं. पोर्टलच्या नोंदींसाठी चार-पाच शाळांना मिळून एक ऑपरेटर देता येतो. टॅब घेतानाच दुरुस्तीचा खर्च धरता येतो. शाळा विलीन करण्याआधी मूल कोणता रस्ता ओलांडून जाणार, हे स्वतः चालून बघता येतं. राज्याच्या नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. नागपुरात पट घटल्यामुळे महापालिकेच्या अनेक शाळा, विशेषतः मराठी माध्यमाच्या, बंद किंवा विलीन झाल्या आहेत. म्हणून हा मुद्दा कागदावरचा नाही.

आणि तुम्ही काय करू शकता?

– मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवर आणि शाळेच्या नोंदीत सारखं आहे का, हे ऑगस्टमध्येच तपासा.
– पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधारवरचे बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात. ते राहून गेलं असेल तर करून घ्या.
– आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे.
– शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि अनुदानाच्या खर्चावर लक्षही ठेवते. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या शाळेत मुलं किती आणि पोर्टलवर किती?

दोन आकडे जुळले नाहीत, तर ३० सप्टेंबरच्या आत बोला. नंतर मॅडमची बदली थांबवायला गेलात, तर हिशोब आधीच झालेला असेल.