राहुटीच्या दारात आलेलं गाव

नारायणगाव म्हटलं की आज टोमॅटोचा बाजार आठवतो. पण जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तिथला आणखी एक बाजार ठाऊक असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या इथेच ठरतात.

लहानपणी वडिलांचं बोट धरून मी इथे आलो होतो. आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या गावची यात्रा जवळ आली होती. यात्रा तिथीवर असते, त्यामुळे एकाच तारखेवर अनेक गावांचा डोळा. रात्रीचा तमाशा आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी धरून बोली चालली. चहा आला, घासाघीस झाली, इसार दिला गेला. शेजारच्या हॉटेलात चार तालुक्यांची माणसं पीकपाण्याच्या गप्पा मारत बसली होती. तिथेच एका सोयरिकीचाही विषय निघाला. धंदा फडमालकांचा, पण त्याच्या आधाराने सारा रस्ताच चावडी झाला होता.

त्या दिवशी पाहिलेल्या एका गोष्टीचा अर्थ मला मोठेपणी कळला. तमाशा जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. कला पाहायला गाव लोटायचं, पण कलावंतांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं. इथे मात्र गावचे कारभारीच राहुटीच्या दारात येत आणि 'तारीख मिळेल का?' असं विचारत. व्यवसायाने रस्त्याच्या कडेला दिलेला हा मान गावाच्या वेशीत सहजी मिळत नव्हता.

भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाने या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. भाऊंची कन्या विठाबाई (1935-2002) यांनी तर स्वतःचा फड चालवला. तमाशातली बाई म्हणजे नाचणारी, एवढंच धरून चालणाऱ्या काळात त्या मालकीण होत्या. माणसं सांभाळणं, उचल देणं, तोटा सोसणं, सगळं त्यांच्या शिरावर होतं. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

हा व्यवसाय किती नाजूक आहे, ते 2020 साली दिसलं. देशभराची टाळेबंदी सुरू झाली तो दिवस 25 मार्च, नेमका गुढीपाडवा. यात्रा बंद पडल्या. उचल दिलेले मालक आणि घेतलेले कलावंत, दोघेही अडकले. 2022 च्या पाडव्याला निर्बंध उठले आणि यात्रा पुन्हा भरू लागल्या.

रस्ता रुंद करताना आपण गाड्या मोजतो. त्याच्या कडेला कोण बसतं आणि त्याच्या दारात कोण येतं, हेही एकदा मोजायला हवं.