काच की कातळ? लाव्ह्याचा दगड कसा होतो, हे शोधणाऱ्या एका भट्टीची गोष्ट (थ्रेड)

वितळलेला दगड निवला की त्याची काच होते. मग काळाकभिन्न, खरबरीत, बारीक स्फटिकांनी भरलेला बेसाल्ट एकेकाळी वितळलेला लाव्हा होता, यावर विश्वास कसा ठेवायचा? अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील एक मोठा वाद या साध्या आक्षेपापाशी येऊन अडला होता.

एका बाजूला होते अब्राहम व्हेर्नर. सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात ते १७७५ पासून शिकवीत असत आणि त्यांचे शिष्य साऱ्या युरोपभर पसरले होते. त्यांच्या मते बेसाल्ट हा आदिम महासागराच्या पाण्यातून साका बसून तयार झालेला खडक. ज्वालामुखी म्हणजे त्यांच्या लेखी पृथ्वीच्या इतिहासातील अलीकडची, किरकोळ घटना. दुसऱ्या बाजूला एडिंबरोचे जेम्स हटन. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेनेच खडक घडतात आणि या घडामोडीला अपरिमित काळ लागतो, असे त्यांचे प्रतिपादन. पहिल्या पक्षाला समुद्रदेव नेपच्यूनचे नाव मिळाले, दुसऱ्याला पाताळदेव प्लुटोचे. वाद दिसायला एका दगडाचा होता, पण त्याच्या निकालावर पृथ्वीचे वय आणि तिची घडण या दोहोंविषयीची समजूत अवलंबून होती.

प्रत्यक्ष भूमीवरचा पुरावा तसा आधीच मिळाला होता. १७६३ मध्ये फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतात निकोलस देमारे यांना बेसाल्टचे षट्‌कोनी खांब जुन्या लाव्हाप्रवाहाला जोडलेले आढळले होते. तरीही काचेचा आक्षेप उरलाच. भट्टीत बेसाल्ट वितळवून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काळी काचच येत होती.

येथे सर जेम्स हॉल हे नाव येते. डनग्लासचे हे तरुण जमीनदार हटन यांचे स्नेही. १७८८ मध्ये हटन आणि जॉन प्लेफेअर यांच्यासमवेत होडीतून सिकार पॉइंटला जाऊन तेथील प्रसिद्ध खडकस्तर पाहणाऱ्यांपैकी ते एक. हॉल यांना धागा सापडला तो मात्र समुद्रकिनारी नव्हे, लीथ येथील काचकारखान्यात. तेथे हिरव्या काचेचा एक मोठा गोळा योगायोगाने फार सावकाश निवला होता आणि त्याची काच न राहता अपारदर्शक, दगडासारखा पदार्थ झाला होता. तोच पुन्हा वितळवून झटकन निववला, तर परत काच! म्हणजे द्रव्य तेच, फरक फक्त निवण्याच्या वेगाचा.

हॉल यांना हे दगडावर करून पाहायचे होते, पण हटन यांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. इवल्याशा मुशीत डोकावून पृथ्वीच्या पोटातील व्यवहार कळत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. आपल्याच सिद्धान्ताला बळ देणारा प्रयोग त्यांनी असा नापसंत करावा, हा या कथेतील विलक्षण भाग. हॉल यांनी वडीलधाऱ्या स्नेह्याचा मान राखला. १७९७ मध्ये हटन निवर्तले, आणि त्यानंतरच हॉल यांनी हे काम नेटाने हाती घेतले.

एडिंबरोजवळचा काळा दगड, स्थानिक भाषेत ‘व्हिनस्टोन’, मुशीत घालून त्यांनी तो लोखंड ओतण्याच्या भट्टीत वितळवला. मूस बाहेर काढून लगेच निववली, तर काळी काच. मग तोच दगड वितळवून निखाऱ्यांच्या उबेत तासन्‌तास ठेवला आणि आच हळूहळू उतरवत नेली. या वेळी मुशीत दगड होता, खरबरीत आणि स्फटिकयुक्त. व्हेसुव्हियस आणि एटना या ज्वालामुखींच्या लाव्ह्यावरही त्यांनी हाच प्रयोग केला. निष्कर्ष तोच. १७९८ मध्ये हे निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. पुढे रॉबर्ट केनेडी यांनी केलेल्या रासायनिक पृथक्करणात व्हिनस्टोन आणि लाव्हा यांचे घटकही जुळते निघाले.

१८०४ मध्ये ग्रेगरी वॉट यांनी (वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट हे त्यांचे वडील) मुशीऐवजी कित्येक मण बेसाल्ट एकदम वितळवला आणि तो आठ दिवस निवू दिला. त्या एकाच ढिगात काचेपासून पक्क्या दगडापर्यंतच्या सगळ्या अवस्था त्यांना मिळाल्या.

कारण आज सहज सांगता येते. लाव्ह्यातील अणूंना जागच्या जागी रचना करून स्फटिक बनायला अवधी हवा असतो. तो मिळाला नाही की ते आहेत तसे गोठतात, आणि तीच काच. जाड प्रवाहाचा पृष्ठभाग लवकर गोठतो, त्यातील वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहतात. आतला भाग मात्र सायीखालच्या दुधासारखा बराच काळ गरम राहतो. घट्ट झालेला दगड निवताना आकसतो, भेगा पडतात, त्या आत आत सरकतात आणि षट्‌कोनी खांब उभे राहतात. हा अवधी किती मोठा असू शकतो? हवाईतील किलाउएया इकी येथे १९५९ मध्ये शंभर मीटरहून खोल लाव्हासरोवर साचले. त्यात वेळोवेळी छिद्रे पाडून शास्त्रज्ञांनी पाहणी केली. ते पूर्ण घट्ट व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच जातीच्या खडकावर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाप्रवाह येथे एकावर एक साचले. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यांचे रूप आहे ते या थरांमुळेच, आणि ‘दख्खन ट्रॅप’ या नावातील ट्रॅपही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. अजिंठा-वेरूळची लेणी याच कातळात कोरलेली. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर निवताना उभे राहिलेले खांब भर वस्तीत दिसतात. घाटरस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल पट्टा आढळतो. एक प्रवाह निवून, त्याचा माथा ऊनपावसात झिजून माती झाल्यावर दुसरा प्रवाह त्यावर आला, असे असे अनेक पट्टे सांगतात.