मराठवाड्याच्या जुन्या राज्यातला फुटबॉलगुरू : सय्यद अब्दुल रहीम

१/
१ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचे प्रशिक्षक याच विसर्जित राज्याचे होते : सय्यद अब्दुल रहीम.

२/
‘मैदान’ (२०२४) या चित्रपटामुळे हे नाव आज अनेकांना ठाऊक आहे. रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. त्यांनी पदवी घेतली उस्मानिया विद्यापीठातून. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी परभणी-नांदेडकडील कित्येक तरुण उच्च शिक्षणासाठी याच विद्यापीठाची वाट धरत.

३/
विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे स्थानिक क्लबांतून रहीम खेळले. पण त्यांचा पेशा शिक्षकाचा. परभणीकरांना रेल्वेमुळे परिचित असलेल्या काचीगुड्यातील शाळेतही त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. फुटबॉल ही केवळ उपजत देणगी नसून शिकवता येणारी विद्या आहे, ही त्यांची धारणा या वर्गखोल्यांतूनच घडली असावी.

४/
या विद्येचा अभ्यासक्रमही त्यांनी आखला. मुलांच्या अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत फक्त कमकुवत पायानेच चेंडू मारायचा. काही स्पर्धांत ड्रिब्लिंगलाच मनाई असे. चेंडू पायाशी खेळवत न बसता तो साथीदाराकडे देण्याची सवय अशी अंगी बाणवली जाई.

५/
१९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली आला आणि मुंबईच्या प्रतिष्ठेच्या रोव्हर्स करंडकावर या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेल्या मराठवाड्यात निजामाच्या पोलिसांची स्मृती कडवट होती. त्याच राजधानीच्या पोलीस दलाचा संघ आता देशाला फुटबॉल शिकवीत होता. इतिहासाला या दोन्ही नोंदी ठेवाव्या लागतात.

६/
१९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १–० असे नमवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाकडून १–१० असा दारुण पराभव झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

७/
रहीम यांचे मोठेपण या पराभवानंतर दिसते. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६–३ असे हरवले. त्या संघाचा मधला आघाडीपटू थोडा मागे राहून खेळे, त्यामुळे त्याला रोखायचे कोणी, हे इंग्लंडच्या बचावपटूंना उमगेना. हाच डावपेच रहीम यांनी भारतीय संघात रुजवला.

८/
मेलबर्नमध्ये त्याचे फळ मिळाले. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ही पहिली हॅटट्रिक. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारताचा होता; सामना मात्र १–४ असा हातून गेला. बल्गेरियाकडूनही हार झाली आणि भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वीचा दहा गोलांचा मार आठवला की या चौथ्या क्रमांकाची किंमत कळते.

९/
शेवटचा अध्याय जकार्ता, १९६२. सलामीलाच दक्षिण कोरियाकडून ०–२ अशी हार. पुढे बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीम यांनी त्यांना बाहेर न बसवता उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट आघाडीवर खेळवले. भारतीय पदाधिकाऱ्याच्या वक्तव्यामुळे यजमान प्रेक्षक चिडलेले होते. ४ सप्टेंबरला त्या विरोधी गर्जनेत भारताने कोरियाला २–१ असे हरवले. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांचे.

१०/
वर्ष पुरे होण्याआधीच, ११ जून १९६३ रोजी, रहीम कर्करोगाने गेले. आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर मिळालेले नाही. १९७० चे कांस्य हे शेवटचे पदक.

११/
हे केवळ दैव म्हणून सोडून देता येत नाही. रहीम यांचे शिष्य पुढे प्रशिक्षक झाले, पी. के. बॅनर्जींनी तर मोठे नाव कमावले. पण कमकुवत पायाच्या स्पर्धा, शालेय वयापासूनचे शिक्षण आणि पराभवाचा अभ्यास ही पद्धत देशभराची व्यवस्था झाली नाही. ती एका शिक्षकापाशी राहिली आणि त्याच्याबरोबरच संपली.

१२/
हैदराबाद राज्याचा वारसा म्हटला की मराठवाड्याला निजाम, रझाकार आणि मुक्तिसंग्राम आठवतो, आणि ते योग्यच आहे. त्याच राज्यात एका शाळामास्तराने मुलांना डाव्या पायाने चेंडू मारायला शिकवले, हेही त्या वारशाचेच एक पान आहे.