ख्रिस्ती नेत्रसेवा मोहीम

ख्रिस्ती नेत्रसेवा मोहीम म्हणजे एखादे चर्च, मिशन संस्था किंवा ख्रिस्ती व्यावसायिकांची संघटना यांच्या वतीने परदेशी जाऊन विनामोबदला नेत्रतपासणी, चष्मेवाटप किंवा नेत्रशस्त्रक्रिया करण्याचा उपक्रम होय. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय मिशनमध्ये डॉक्टर आयुष्यभरासाठी परदेशी स्थायिक होत असत. आधुनिक मोहीम बहुधा एक ते दोन आठवड्यांची असते. पश्चिम भारतात या दोन्ही पद्धतींची ठळक उदाहरणे आढळतात. मिरज येथील मिशन रुग्णालय हे पहिल्या पद्धतीचे, तर सिंधमधील शिकारपूरचे हिवाळी शिबिर हे दुसऱ्या पद्धतीच्या पूर्वरूपाचे उदाहरण मानता येते.

स्वरूप

मोहिमेच्या पथकात नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, परिचारिका आणि वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवक असतात. प्रवासाचा व निवासाचा खर्च बहुतेक सदस्य स्वतः करतात किंवा आपल्या मंडळीकडून देणग्या जमवतात. नावनोंदणी, सहा मीटर अंतरावरून तक्ता वाचून घेणे, डोळ्यांत थेंब घालणे, चष्मे क्रमांकानुसार लावून ठेवणे आणि रुग्णांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे नेणे ही कामे सामान्य स्वयंसेवकांकडे असतात. निरक्षर रुग्णांसाठी अक्षरांऐवजी वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या ‘ई’ चिन्हाचा तक्ता वापरला जातो. चिन्हाची तोंडे कोणत्या बाजूस आहेत हे रुग्ण हाताने दाखवतो. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी लागणारे तयार चष्मे जागेवरच देता येतात. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचे विकार आढळल्यास रुग्णाला पुढील उपचारांसाठी पाठवावे लागते.

इतिहास

मिरज

कॅनडात १८६५ साली जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरज येथे त्यांचे रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांची विशेष ख्याती होती आणि त्यासाठी दूरदूरहून रुग्ण मिरजेस येत. केवळ स्वतः शस्त्रक्रिया करून न थांबता त्यांनी तेथे स्थानिक तरुणांसाठी वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ साली त्यांचे निधन झाले. रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते, तर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवती वसलेल्या वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव मिळाले.

शिकारपूर

सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. तेथील शिकारपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीचे डॉ. हेन्री हॉलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दर हिवाळ्यात काही आठवड्यांचे नेत्रशिबिर सुरू केले. हॉलंड १९०० साली क्वेट्टा येथे रुजू झाले होते आणि उरलेले वर्ष ते तेथील मिशन रुग्णालयात काम करीत. शिबिराच्या दिवसांत युरोप-अमेरिकेतील नेत्रशल्यचिकित्सक स्वखर्चाने शिकारपूरला येत. त्यांना अल्पावधीत मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव मिळे, तर रुग्णांना विनामूल्य उपचार मिळत. १९६० साली हेन्री हॉलंड व त्यांचे पुत्र रोनाल्ड यांना संयुक्तपणे रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

आंतरराष्ट्रीय संस्था

जर्मन धर्मोपदेशक अर्न्स्ट याकोब क्रिस्टोफेल यांनी १९०८ साली तुर्कस्तानात सुरू केलेल्या अंधसेवेतून क्रिस्टोफेल ब्लाइंडनमिशन ही संस्था उभी राहिली. १९७८ साली स्थापन झालेली मर्सी शिप्स ही संस्था रुग्णालय-जहाजांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करते.

नाशिक

नाशिक हे चर्च मिशनरी सोसायटीचे पश्चिम भारतातील जुने केंद्र होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी येथे शरणपूर ही वसाहत उभारली. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे शिक्षण व हस्तव्यवसायाचे प्रशिक्षण मिळे. शरणपूरचे कार्य प्रामुख्याने शैक्षणिक होते.

नेत्रसेवेच्या दृष्टीने जिल्ह्यात शहर व दुर्गम भाग यांतील अंतर महत्त्वाचे ठरते. नाशिक शहरात शासकीय व खासगी रुग्णालये आहेत आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. मात्र गुजरातच्या सीमेलगतच्या पेठ व सुरगाणा या आदिवासीबहुल तालुक्यांतील पाड्यांवरून शहरात येण्यासाठी रुग्णाला सोबतीला माणूस लागतो आणि दोघांचीही मजुरी बुडते. हंगामात अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या व इतर कामांसाठी घराबाहेर असतात. शस्त्रक्रिया मोफत असली तरी हा खर्च चुकत नाही. त्यामुळे शिबिराचे दिवस ठरवताना पावसाळा व शेतीचे हंगाम यांचा विचार करावा लागतो.

भारतातील नियमन

१९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी शाळा, धर्मशाळा किंवा मंडप अशा तात्पुरत्या जागांत शस्त्रक्रिया होत असत. १९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ८८ रुग्णांपैकी ८४ जणांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. त्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला. पुढे तात्पुरत्या जागी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मागे पडली. सध्या शिबिरात फक्त तपासणी होते आणि निवडलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी स्थायी रुग्णालयात नेले जाते.

परदेशी डॉक्टरांना भारतात रुग्णसेवा करण्यासाठी तात्पुरती नोंदणी आवश्यक असते. धर्मप्रसारकांसाठी स्वतंत्र व्हिसा प्रकार आहे. परदेशातून येणाऱ्या देणग्यांना २०१० चा परकीय योगदान (विनियमन) अधिनियम लागू होतो. ऑप्टोमेट्रिस्टांच्या व्यवसायाचा समावेश २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोग अधिनियमात करण्यात आला आहे.

मूल्यमापन व टीका

अल्पकालीन मोहिमांवरील मुख्य आक्षेप नंतरच्या देखभालीविषयी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात व ठरावीक दिवशी तपासणी करावी लागते. डोळा लाल होणे, दुखणे किंवा दृष्टी कमी होणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी तातडीने उपचार न मिळाल्यास डोळा गमावण्याचा धोका असतो. पाहुणे पथक तोपर्यंत मायदेशी परतलेले असते. म्हणून स्थानिक रुग्णालयाने रुग्णाची जबाबदारी आधीच स्वीकारलेली असणे आवश्यक मानले जाते. आशा कार्यकर्त्या अशा रुग्णांचा पाठपुरावा करू शकतात.

दुसरा आक्षेप वापरलेल्या चष्म्यांविषयी आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान केलेल्या चष्म्यांच्या नमुन्यापैकी केवळ ७ टक्के चष्मे वापरण्याजोगे आढळले. हे चष्मे गोळा करणे, तपासणे व पाठवणे यांचा खर्च लक्षात घेता रुग्णाच्या मापाचा नवा चष्मा स्थानिक पातळीवर बनवून देणे अधिक योग्य ठरते, असे या क्षेत्रातील तज्ज्ञांचे मत आहे. शिवाय मोफत वाटपामुळे गावात वर्षभर सेवा देणाऱ्या चष्मेविक्रेत्याचा व्यवसाय बुडण्याची शक्यता असते.

तिसरा प्रश्न उपचार व धर्मप्रसार यांच्या संबंधाचा आहे. गरजू रुग्णाला उपचारासाठी प्रार्थनेस बसणे बंधनकारक वाटू नये, असा आग्रह टीकाकार धरतात. अनेक ख्रिस्ती संस्थाही धर्म न पाहता आणि कोणतीही अट न घालता सेवा देण्याचे धोरण जाहीर करतात.

मोहिमांचे समर्थक त्यांच्या प्रशिक्षणमूल्याकडे लक्ष वेधतात. पाहुण्या तज्ज्ञाने स्थानिक डॉक्टर व तंत्रज्ञांना नवे तंत्र शिकवल्यास पथक परतल्यानंतरही सेवा चालू राहते. मिरजेत शस्त्रक्रियांच्या जोडीने स्थानिकांच्या शिक्षणाची सोय झाली होती, त्यामुळे या संदर्भात ते उदाहरण महत्त्वाचे ठरते.

हे सुद्धा पहा

विल्यम जेम्स वॉनलेस
मोतीबिंदू
नेत्रदान
शरणपूर