चौकोनी कंसांची रात्र

28 फेब्रुवारी 2003. जिनिव्हा. मध्यरात्र होत आली आहे आणि तुम्ही सभागृहाच्या मागच्या रांगेत बसला आहात. बोलणारा फ्रेंचमध्ये बोलतोय, तुमच्या कानात दुभाष्याचं इंग्रजी. बटण फिरवलंत तर तेच अरबी, चिनी, रशियन किंवा स्पॅनिशमध्ये. टेबलावर कॉफीचे रिकामे कप आणि मसुद्याची गड्डी. देशांचं जमलेलं नाही तो मजकूर चौकोनी कंसात छापलाय.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारासाठीची ही सहावी आणि शेवटची फेरी. वाटाघाटी ऑक्टोबर 2000 पासून चालू आहेत. वर्षाला सुमारे 49 लाख माणसं तंबाखूने मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आहे. म्हणजे दर साडेसहा सेकंदांना एक. दुभाष्याचं एक लांब वाक्य संपेपर्यंत कुठेतरी एक माणूस गेलेला असतो.

अध्यक्षस्थानी ब्राझीलचे लुइस फेलिपे दे सेइशास कोरेआ आहेत. ब्राझील तंबाखूचा जगातला एक सर्वांत मोठा निर्यातदार. तरीही तो इथे कडक कराराच्या बाजूने उभा आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता मसुद्याचं अकरावं कलम उघडा. ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो टार’ असे शब्द पाकिटावर चालू द्यायचे का? शब्दांचा कीस वाटेल, पण तसं नाही. ‘लाइट’ सिगारेट ओढणारा नकळत खोल झुरका घेतो, फिल्टरची बारीक छिद्रं बोटांनी झाकतो आणि विष तेवढंच आत जातं. सोडायच्या विचारात असलेल्या माणसाला तो शब्द धरून ठेवतो. जपानला ही ओळ बोचते, कारण त्यांच्या सर्वांत खपाच्या सिगारेटच्या नावातच ‘माइल्ड’ आहे आणि ती कंपनी बऱ्याच अंशी सरकारच्या मालकीची. जाहिरातबंदीवर जर्मनी आपल्या राज्यघटनेकडे बोट दाखवतो. अमेरिकेला नको ती कलमं वगळून सही करण्याची मुभा हवी आहे.

आणि समोर कोण? आफ्रिकेतले देश एका सुरात बोलतायत. सोबत पॅसिफिकमधली चिमुकली बेटं आहेत, आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातले भारतासह इतर देश आहेत. श्रीमंत देशांत खप घटला की कंपन्या आपल्याच दारात येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. स्वयंसेवी संस्था रोज सकाळी आपलं पत्रक वाटतात. चांगली भूमिका घेणाऱ्या देशाला त्यात ऑर्किडचं फूल मिळतं, खोडा घालणाऱ्याला घाणेरडा ॲशट्रे. प्रतिनिधी हसतात, पण आपल्या देशाचं नाव कुठल्या रकान्यात आलं ते आधी बघतात.

पहिलं कलमही चुकवू नका. तंबाखूची उत्पादनं म्हणजे ओढायची, चोखायची, चघळायची आणि नाकात घ्यायची. आपल्याकडच्या माणसासाठी सगळं या ओळीत आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जबडा काढलेला पेशंट ज्याने पाहिलाय, त्याला वेगळं सांगायला नको. हा करार फक्त सिगारेटचा झाला असता, तर गुटख्याची पुडी आणि चुना लावून मळलेली तंबाखू, दोन्ही बाहेर राहिली असती.

1 मार्चची पहाट. कंस सुटले आहेत. जाहिरातींवर सर्वंकष बंदी, पण घटना आड येत असेल तिथे निर्बंध. धोक्याचा इशारा पाकिटाच्या दर्शनी भागावर किमान 30 टक्के, जमल्यास निम्मा किंवा जास्त. ‘लाइट’, ‘माइल्ड’ दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणं म्हणून आले आहेत. आणि कलमं वगळून सही करण्याची मुभा कोणालाच नाही.

मे महिन्यात जिनिव्हातल्याच पॅले दे नासिऑं या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत या. सगळीकडे सार्सची चर्चा, तरी 21 तारखेला आरोग्य संघटनेच्या 192 सदस्य देशांची सभा हा करार एकमताने स्वीकारते. अमेरिकेनेही आडकाठी सोडली आहे. पुढे ती सही करील, पण करार आपल्या संसदेकडून मंजूर करून घेणार नाही, आणि याचा मला अजून राग येतो. भारत फेब्रुवारी 2004 मध्येच मंजुरी देतो. पाकिटावरचा इशारा 85 टक्क्यांपर्यंत न्यायला मात्र 2016 उजाडतं. मधली बारा वर्षं कोणाच्या जिवावर गेली, हे विचारायलाच हवं.

त्याच 2016 मधला आणखी एक दिवस, 8 जुलै. जेमतेम 34 लाख वस्तीच्या उरुग्वेने पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्याने व्यापला, म्हणून फिलिप मॉरिसने 2010 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं होतं. इशारा एवढा मोठा करण्यामागे होते तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस, पेशाने कर्करोगतज्ज्ञ. तुम्ही निकालपत्र उलटता. जिनिव्हात घासून ठरलेल्या त्या कराराचा आधार त्यात पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो. कंपनी हरली आहे, आणि खटल्याच्या खर्चापोटी तिने उरुग्वेला 70 लाख डॉलर द्यायचे आहेत.