कोणतं मराठी बायबल वाचावं?

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोट आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तरेकडचं टोक. पेशवाईतच हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. मराठी बायबलाचा विषय निघाला की लोक थेट मुंबई-नगरकडे वळतात, फार तर श्रीरामपूरची आठवण काढतात. बाणकोटचं नाव कोणी घेत नाही, आणि मला ते खटकतं. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल तिथे आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन, नेस्बिट असे एकेक जण आले. बाणकोट आणि हर्णै या दोन बंदरांत त्यांनी मराठी शाळा काढल्या. पुढे मुंबईत मोठं नाव झालेले डॉ. जॉन विल्सन १८२९ साली हिंदुस्थानात उतरले तेव्हा मराठी शिकायला आधी इथेच आले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं टिपण ज्या विल्सनसाहेबांनी लिहिलं, त्यांच्या मराठीचा श्रीगणेशा आमच्या कोकण किनाऱ्यावर झाला. रत्नागिरीत जन्मभर मराठी शिकवलेल्या माझ्यासारखीला याचा अभिमान वाटतो.

या स्कॉट मंडळींच्या हातात तेव्हा कोणतं मराठी बायबल होतं? एक होतं श्रीरामपूरचं, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरचं. तिथले मिशनरी विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं. त्याच वर्षी त्यांचं मराठी व्याकरण निघालं आणि १८१० साली कोश. काम अफाट आहे. पण केरींनी महाराष्ट्राच्या मातीवर कधी पाऊल ठेवलं नाही आणि त्यांचे पंडित नागपूरकडचे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बसून ऐकलेली मराठी त्यांनी लिहिली. ती कोकणातल्या भंडाऱ्याला, खारव्याला किंवा मुंबईच्या पाठारे प्रभूला आपली वाटेना, हे ओघानेच आलं.

दुसरं होतं अमेरिकन मिशनचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले. चार वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि १८२६ साली त्यांचा मराठी नवा करार पुरा झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गॉर्डन हॉल नाशिकच्या बाजूला प्रवासात पटकीने गेले. या छापखान्याचं ऋण सगळ्या मराठी वाचकांवर आहे. थॉमस ग्रॅहम यांनी तिथे देवनागरीचे खिळे सुधारले आणि त्यांच्याच हाताखाली लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. ज्या सुबक टायपात आपण पोथ्या आणि संस्कृत काव्यं वाचली, त्याचं मूळ बायबल छापणाऱ्या कारखान्यात आहे.

म्हणजे पहिल्या पंचवीस वर्षांतच मराठी बायबलं दोन झाली होती, आणि दोघांचे वाचकही वेगवेगळे धरलेले होते. मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे : प्रत्येक भाषांतर कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून झालेलं असतं. तो वाचक कोण होता हे कळलं की भाषांतर कसं आहे आणि आपल्या कामाचं आहे की नाही, हे दोन्ही कळतं.

एक उदाहरण ख्रिस्ती नसलेल्या वाचकाचंच देते. बाणकोटच्या खाडीपलीकडे, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाजाची जुनी वस्ती आहे. तेलघाणे चालवणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात ते ‘शनिवार तेली’. त्यांची घरची भाषा मराठी. जुना करार हा त्यांचाच धर्मग्रंथ, पण हिब्रू जाणणारे थोडे उरले होते. विल्सनसाहेबांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आपला मूळ ग्रंथ मिशनरींच्या मराठीतून वाचायचा आणि मिशनरींचा धर्म मात्र घ्यायचा नाही, हे त्या समाजाने शांतपणे करून दाखवलं. भाषांतर करणाऱ्याचा हेतू एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा असू शकतो, हे त्यांच्याकडून शिकावं.

गोव्याच्या बाजूची वाट निराळी होती. राशोलला १६१६ साली छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण हे भाषांतर म्हणता येत नाही. बायबलातली कथा त्यांनी ओवीत सांगितली आहे. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काही हवं होतं, म्हणून दहा हजारांहून जास्त ओव्यांचं हे पुराण झालं. कॅथलिक घरांत पुढे कित्येक पिढ्या वचन असं ऐकूनच पोचत राहिलं. लोकांच्या भाषेत बायबल वाचण्याला रोमहून मोकळं उत्तेजन मिळालं ते १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायबलांत पुस्तकांची संख्याच वेगळी आहे, यावरून आजही घोटाळा होतो. रत्नागिरीत दोन्ही पंथांची घरं आहेत आणि सोयरिकीही होतात, त्यामुळे हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात ६६. तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं जुन्या कराराच्या ग्रीक परंपरेत होती, हिब्रू संग्रहात नव्हती. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने ती कॅथलिकांसाठी पक्की केली. इंग्रजीतल्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरातही ती होती, वेगळ्या विभागात. मग आपल्या मिशनच्या मराठी बायबलात ती का नाहीत? तर १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीने आपला पैसा त्या पुस्तकांवर खर्च करायचा नाही असं ठरवलं, आणि हा आग्रह सगळ्यात जोराने धरणारे लोक एडिंबरोचे होते. बाणकोटात शाळा चालवणाऱ्यांचेच देशबांधव. तेव्हा कोणी सांगू लागलं की अमक्यांनी सात पुस्तकं चोरली किंवा तमक्यांनी सात पुस्तकं घुसडली, तर दोन्ही ऐकू नका. यादी वेगळी आहे आणि तिला मोठा इतिहास आहे.

तशीच दुसरी तक्रार ‘वचनं गाळली’ अशी. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात एकविसावं वचन काही आवृत्त्यांत सापडत नाही, विसाव्यानंतर एकदम बाविसावं येतं. माणसं घाबरतात. कारण साधं आहे. केरी आणि हॉल यांच्या काळी जो ग्रीक पाठ सर्रास चालत होता तो उशिराच्या हस्तलिखितांवर उभा होता. १८४४ ते १८५९ या काळात सिनाय पर्वताजवळच्या मठातून चौथ्या शतकातलं हस्तलिखित जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फच्या हाती लागलं. त्यात आणि व्हॅटिकनमधल्या तितक्याच जुन्या प्रतीत हे वचन नाही. ते मार्काच्या शुभवर्तमानातून नकलताना इकडे आलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने हा नवा पाठ धरला, आणि पुढे जगभरच्या भाषांतरांत तो रुजला. मार्कात ते वचन जागेवर आहे, तिथे जाऊन वाचावं.

आता पंडिता रमाबाई. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हे पुस्तक माझ्या घरात आहे आणि माझ्या मते मराठीतलं सगळ्यात धाडसी भाषांतर हेच. रमाबाईंच्या आधीच्या मराठी बायबलांवर शास्त्री-पंडितांचा हात फिरलेला होता. भाषा शुद्ध, पण संस्कृतप्रचुर. रमाबाई स्वतः संस्कृतात मुरलेल्या, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या. त्यांनाच हे पटेना. दोन कारणं. एक, केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या मुली होत्या, त्यांना ही भाषा कळत नव्हती. दुसरं, संस्कृत शब्द आपल्यासोबत जुन्या दर्शनांचा अर्थ घेऊन येतात आणि तो मूळ ग्रंथात नसतो. हे ओळखायला संस्कृत आतून ठाऊक असलेलं माणूस लागतं. मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून सगळं बायबल एकटीने उतरवायला बसल्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर आलं. सगळं बायबल एका बाईने मुळातून भाषांतरित केल्याचं याआधीचं मला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ज्यूलिया स्मिथचं, १८७६ सालचं.

रमाबाईंचं बायबल वाचायला सोपं आहे का? शब्द सोपे आहेत, वाक्य अवघड आहे. मुळाची ठेवण सुटू नये म्हणून त्यांनी मराठी वाक्याला पुष्कळ ताण दिला आहे. सभेत मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. म्हणून ते चर्चच्या मंडळ्यांत फारसं रुळलं नाही. पण अभ्यासाला बसलेल्या माणसाला मूळ कसं असेल याचा अंदाज त्यातून जितका येतो तितका दुसऱ्या कोणत्याही मराठी प्रतीतून येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मंडळ्यांत रुळलं ते बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’. एकोणिसाव्या शतकातल्या भाषांतरांवर समित्यांनी पुन्हा पुन्हा हात फिरवून ते घडलं. बेळगावचे बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे, यांनीही बायबल सोसायटीच्या मराठी कामात आयुष्याची बरीच वर्षं घातली. माझ्या आजीची प्रत याच घराण्यातली. आजी गावोगाव जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायची. तिच्या प्रतीत स्तोत्रसंहितेचं तेविसावं स्तोत्र आहे ते पान बोटांनी काळवंडलं आहे आणि समासात पेन्सिलीने घरातल्या मृत्यूंच्या तारखा आहेत, कारण दफनाच्या वेळी हेच स्तोत्र वाचतात. त्यातल्या चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते. त्या जागी जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ ‘मृत्यूची छाया’ असाही लावतात आणि नुसता ‘गडद काळोख’ असाही. बरीच नवी भाषांतरं काळोख घेतात. अभ्यास म्हणून काळोख मला जास्त पटतो. त्यात आजारपण, कर्ज, एकटेपण सगळं मावतं. पण कबरीपाशी उभ्या असलेल्या माणसांना पाठ असलेला शब्दच वाचून दाखवावा. तिथे भाषांतर बदलून वाचणं मला निर्दयपणाचं वाटतं.

आणि हाच जुना घाट नव्या वाचकाला मात्र अडवतो. नीतिमत्त्व, अभिवचन, तारण हे आमच्या घरचे शब्द, बाहेरच्याला परके. बायबल सोसायटीने म्हणून सोप्या चालू मराठीतलंही भाषांतर काढलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ते चर्चच्या भिंतीबाहेरच्या मराठी वाचकासाठी आहे आणि पानोपानी ते जाणवतं.

आमच्या दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आगगाडीत एका अनोळखी साहेबाने नवा करार हातात ठेवला, टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रवचन मत्तयाच्या ५ ते ७ या तीन अध्यायांत आहे आणि कोणतीही प्रत पारखायला त्यासारखी जागा नाही.

तेव्हा माझं मत असं. बायबल कधीच वाचलं नसेल तर सुबोध बायबल किंवा सोप्या मराठीतला नवा करार घ्या. मंडळीत जात असाल आणि वचनं पाठ करायची असतील तर पवित्र शास्त्रच घ्या, कारण शेजारी बसलेला तेच वाचत असतो. अभ्यास करायचा असेल तर पवित्र शास्त्राशेजारी रमाबाईंची प्रत उघडून ठेवा. कॅथलिक असाल तर अनुक्रमणिकेत ७३ पुस्तकं आहेत ना, ते आधी बघा. दुकानात उभं राहून मत्तयाचा पाचवा अध्याय दोन प्रतींत वाचा, जमलं तर मोठ्याने, आणि मग पैसे द्या. आणि घरात कुणाची जुनी प्रत असेल, मग ती फाटकी का असेना, पहिल्या पानावरचं साल आणि छापखान्याचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. त्या प्रती वाळवीने जात आहेत आणि कोकणातल्या मराठीचा बराच इतिहास त्यांच्याबरोबर जातो आहे.