हैदराबादची चिप, देगलूरचा प्लेअर

मागच्या भागात कॅसेटपर्यंत आलो होतो. आज एमपीथ्री प्लेअर, आणि खरं सांगायचं तर त्यातली एक फाइल.

२३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने पहिला आयपॉड दाखवला. पाच जीबीची हार्ड डिस्क, खिशात हजार गाणी. श्रेय कॅलिफोर्नियाला गेलं, पण आतली चिप पोर्टलप्लेअर नावाच्या कंपनीची होती, आणि तिचे बरेच इंजिनिअर बसायचे हैदराबादेत! देगलूरहून रस्त्याने दोनेकशे किलोमीटर. १९५६ पर्यंत आपला तालुका हैदराबाद राज्यातच होता, आणि मोठा दवाखाना म्हटलं की आजही बरेच जण तिकडेच निघतात. चिपच्या इतिहासात हे गाव आपल्याला पुण्यापेक्षा जवळचं, असं मी मानतो.

२००६ मध्ये सॅनडिस्कने सॅनसा ई२०० आणला, त्यातही पोर्टलप्लेअरचीच चिप. या प्लेअरला माइक होता आणि बाजूला रेकॉर्डिंगचं बटण. आमच्या काकांनी हैदराबादहून एक आणला आणि त्यावर आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. दुसरी कॉपी नाही. पुढे कधीतरी फर्मवेअर अपडेट चालू असताना केबल निघाली, आणि प्लेअर निळा दिवा दाखवून गप्प. तोवर आज्जी राहिली नव्हती. दुकानात एकच उत्तर मिळालं: फॉरमॅट मारा.

इथे थांबा. फर्मवेअर म्हणजे यंत्राला चालायला शिकवणारा प्रोग्राम. ई२०० च्या मेमरीत दोन भाग असतात: मोठ्यात गाणी आणि रेकॉर्डिंग, लपलेल्या छोट्यात फर्मवेअर. आपला छोटा बिघडला होता. मोठ्याला कोणी हातही लावला नव्हता, मग फॉरमॅट कशाला?

होल्ड लावायचं, रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरायचं आणि प्लेअर सुरू करायचा. कॉम्प्युटरवर सोळा एमबीची एक डिस्क दिसते. तिच्यावर 'पीपी५०२२ डॉट एमआय४' ही फाइल टाकायची आणि डिस्क नीट इजेक्ट करायची, बास. आता धोका ऐका. त्याच डिस्कवर 'सॅनसा डॉट एफएमटी' नावाची नुसती रिकामी फाइल पडली, तर प्लेअर गाण्यांचा भाग पुसतो. घाईत दोन्ही टाकल्या की ओव्या गेल्या.

ही माहिती टिकली ती मुख्यतः रॉकबॉक्सवाल्यांमुळे. २००१ च्या शेवटी स्वीडनमधल्या काही जणांनी आर्कोस प्लेअरसाठी स्वतःचं फर्मवेअर लिहायला घेतलं. त्यात डॅनियल स्टेनबर्ग होता, 'कर्ल'वाला; आम्हा इंजिनिअर लोकांचा रोजचा माणूस. चिपची कागदपत्रं मिळत नव्हती, म्हणून ही मंडळी यंत्रच उलगडत बसली. आयपॉड लिनक्सच्या गटातली करामत तर अजबच. चौथ्या पिढीच्या आयपॉडमधला बूटलोडर बाहेर काढायला निल्स श्नायडर या जर्मन पोराने आयपॉडला त्याचा एकेक बिट टिकटिक आवाजात वाजवायला लावला आणि ते रेकॉर्ड करून पुन्हा प्रोग्राम जुळवला. कोड ऐकून काढला राव!

एनव्हिडियाने २००७ च्या सुरुवातीला पोर्टलप्लेअर विकत घेतली आणि ते नाव मिटलं. शेवटचा आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला.

आमचा सॅनसा मात्र त्या फाइलवर उठला. रेकॉर्डच्या फोल्डरमध्ये आज्जीच्या तीन वेव्ह फाइल आहेत, जात्याची घरघर जास्त, आवाज मागे. आधी तीन ठिकाणी कॉपी केल्या, मग घरच्यांना विचारून त्यातली एक या भागाच्या शेवटी जोडली आहे. हेडफोन लावून ऐका, दुसऱ्या मिनिटाला ती मधेच थांबून काकांना विचारते, "चालू हाय का रं ते?"